वय ३६, राहणार सोलापूर. मार्शल आर्ट शिकायचंय, नेमकं काय निवडू?

सुईदोरा
मंडळी, नमस्कार. राहणार जुळे सोलापूर, बँकेत नोकरी. शाळेत खो-खो खेळायचे, त्यानंतर खेळ असा काही नाही. गेले काही दिवस मार्शल आर्ट शिकायचं डोक्यात घोळतंय. पदक नको, पट्ट्याचा रंग कुठलाही असो. अंगात जरा ताकद यावी, कुणी अंगावर आलं तर हातपाय गार पडू नयेत आणि संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून काहीतरी करावं, एवढंच.

काही क्लासना फोन केले. सगळीकडे पहिला प्रश्न ठरलेला, "मुलगा कितवीत आहे?" मुलगा नाही, मीच शिकणार म्हटलं की पलीकडचा माणूस गप्प. एकाने तर "मॅडम, आपल्याकडे झुंबापण आहे की" असं सुचवून पाहिलं.

कराटे, तायक्वांदो, ज्युदो, बॉक्सिंग, क्राव मगा (इस्रायली स्वसंरक्षण), सगळ्यांच्या पाट्या बघून झाल्या. एक गुडघा अधूनमधून कुरकुरतो. वेळ सकाळी साडेसातच्या आत नाहीतर संध्याकाळी सातनंतर. ज्यांनी स्वतः शिकलंय त्यांनीच सांगा. व्हिडिओ पाठवू नका, ते बघून बघूनच गोंधळ झालाय.

गड्ड्यावरचा_पाळणा
मे महिन्यात दुपारी दोनला पार्क चौकातून सात रस्त्यापर्यंत चालत जा. समोरचा आपोआप आडवा होतो, हात लावायची गरज नाही.

शेंगाचटणी
पहिल्याच प्रतिसादात धागा संपवलास की बे.

तांबडी_माती
ताई, कुस्ती. दुसरं काही बघू नका. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीहून पदक आणलं ते याच महाराष्ट्राच्या मातीच्या जोरावर. आणि बाईमाणसाने कुस्ती कशी करायची असं कुणी म्हणालं तर साक्षी मलिकचं २०१६ चं ब्राँझ दाखवा. महिलांची महाराष्ट्र केसरीही २०२३ पासून सुरू झाली, पहिल्या वर्षी सांगलीत प्रतीक्षा बागडी जिंकली.

कुस्तीत खोटं चालत नाही. समोरच्याने पट काढला, म्हणजे पाय धरून ओढला, की तुम्ही पडता, नाहीतर नाही पडत. हवेत हातवारे करून "आता मी तुला मारलं" असा हिशोब नाही. शिवाय माती. तालमीतली माती म्हणजे शेतातली उचलून टाकलेली नव्हे. चाळून घ्यायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवायचा, रोज सकाळी फावड्याने उकरून भुसभुशीत करायची. ते उकरणं हाच अर्धा व्यायाम.

सुईदोरा
काका, पटलं. पण एक सांगा, मी तालमीच्या दारात गेले तर वस्ताद आत घेतील का?

तांबडी_माती
खरं सांगायचं तर जुन्या तालमीत नाही घेणार. मान देतील, चहा पाजतील, खुर्ची बाहेर टाकतील. मुलींना शिकवणारे वस्ताद आहेत, पण त्यांच्याकडच्या पोरी दहा-बारा वर्षांच्या असल्यापासून घुमतात. तुमच्या वजनाची आणि वयाची जोड मिळणं अवघड.

गड्ड्यावरचा_पाळणा
काका आलेच आहेत तर विचारून घेतो. जानेवारी २०२३, महाराष्ट्र केसरी, माती विभाग, सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. त्या बाहेरच्या टांगेला (पाय अडकवून पाडायच्या डावाला) ४ गुण द्यायला पाहिजे होते का नव्हते?

तांबडी_माती
दोन्ही पोरं आपल्याच जिल्ह्यातली, माझ्या तोंडून काही वदवून घेऊ नका. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिकंदरने गदा आणली, विषय संपला.

शेंगाचटणी
विषय संपत नसतो काका. आमच्या कट्ट्यावर अजून रोज रात्री ती टांग लागते.

जपानी_चहा
मूळ प्रश्नाकडे येतो. मी आधी कराटे केलं, नंतर ज्युदो, दोन्ही बरीच वर्षं. माझं मत असं की पाटीवरचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं, एका तासात नेमकं काय करून घेतात.

तांबडी_माती काका म्हणतात ते "खोटं चालत नाही" हे फार महत्त्वाचं आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेत डोळे, सांधे, मर्मस्थानं असं सगळं होतं. त्यातलं जे जोराने केलं तर जोडीदार कायमचा जायबंदी होईल, ते त्यांनी मोकळ्या सरावातून काढून टाकलं. उरलेलं पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या माणसावर रोज करता येतं. याला रांदोरी म्हणतात. आता उलटं बघा. "आमचा डाव इतका घातक आहे की तो सरावात वापरताच येत नाही" असं सांगणारे क्लास असतात. मग तो डाव येतो की नाही हे कळणार कधी? घातक डाव हवेतच राहतो, साधा डाव अंगात मुरतो.

कराटेवाल्यांनी चिडू नये. कराटेतही क्योकुशिनसारख्या शैलीत अंगावर सणसणीत मार खावा लागतो, फक्त हाताने चेहऱ्यावर ठोसा नाही. शोतोकान शैलीच्या चांगल्या वर्गात कुमिते, म्हणजे जोडीने लढत, नेमाने होते. पण जिथे वर्षभर नुसते काता (हवेत ठरलेल्या हालचाली) आणि ओरडणं चालतं, तिथे तुम्हाला शिस्त मिळेल, तोल मिळेल, घाम मिळेल. अंगावर आलेल्या माणसाचं काय करायचं ते नाही मिळणार.

तिसरी_फेरी
ज्युदो चांगलंच, पण नवशिक्या ३६ वर्षांच्या बाईला पहिल्याच महिन्यात उचलून आपटायचं? मी बॉक्सिंग सुचवेन. मी पस्तिशीनंतर सुरू केलं.

कारण एक, जोडीदाराशिवायही निम्मं शिकता येतं. बॅग आहे, दोरीवरच्या उड्या आहेत, आरसा आहे. कारण दोन, फाटे कमी. जॅब, क्रॉस, हुक, अपरकट हे ठोसे आणि पाय कुठे ठेवायचे. पहिले कितीतरी दिवस सर फक्त उभं राहायला आणि जॅब मारून हात परत गालापाशी आणायला लावतात. कंटाळा येतो. तो कंटाळा संपतो तेव्हा हात आपोआप परत यायला लागलेला असतो.

हाताला पट्टी बांधायला मात्र पहिल्याच दिवशी नीट शिकून घ्या. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला वेढे, मग तळव्याभोवती मुठीच्या उंचवट्यांवरून, मग एकेका बोटाच्या मधून, परत मनगट. पंजा पसरून बांधायची, मूठ वळली की घट्ट बसते. आवळून बांधली तर पाच मिनिटांत बोटं निळी.

हाडवैद्य
फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून दोन शब्द.

बॉक्सिंगला विरोध नाही, पण डोक्यावर वारंवार बसणारे ठोसे हौसेसाठी खायचं काही कारण नाही. बॅग, पॅड आणि अंगावरचं हलकं स्पारिंग (सरावाची लढत) एवढ्यावर थांबता येतं. "हेडगार्ड घातलंय की" हे उत्तर पुरेसं नाही. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, मेंदू कवटीच्या आत हलायचा थांबत नाही.

गुडघा: तायक्वांदो आणि किकबॉक्सिंगमध्ये लाथ मारताना खालचा पाय चवड्यावर फिरवावा लागतो. नवशिक्यांचा पाय मॅटला चिकटून राहतो, कंबर फिरते आणि मधला गुडघा पिळतो. त्यामुळे आधी कुणाकडून तरी गुडघा तपासून घ्या, मांडीचे स्नायू तयार करा, मग लाथा. ज्युदोत गुडघ्यावर दुसऱ्याचं वजन येऊ शकतं, तिथे "माझा हा गुडघा जपा" हे जोडीदाराला रोज, पुन्हा पुन्हा सांगायचं.

आणि कापूर-हळदीच्या मातीबद्दल पूर्ण आदर ठेवून: नायटा मातीतही होतो, मॅटवरही होतो. मॅट रोज पुसतात का ते विचारा, नखं कापून जा, घरी आल्यावर लगेच अंघोळ करा.

तांबडी_माती
आमच्या तालमीत कुणाला नायटा झालेला मी तरी पाहिला नाही डॉक्टर.

हाडवैद्य
काका, लंगोटाच्या आत बघायला तुम्ही थोडेच गेला होता?

शेंगाचटणी
😂😂 सामना बरोबरीत सोडवा.

गड्ड्यावरचा_पाळणा
"लगेच अंघोळ करा" हे आपल्या शहरात कुणाला सांगताय? आमच्या भागात पाणी येतं चार-पाच दिवसांआड. त्या हिशोबाने आठवड्यातून दोनदाच ज्युदो झेपेल.

पद्मा_के
मी अशोक चौकातली. मुलाला तायक्वांदोला सोडायचे आणि तासभर बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. सोबतच्या आयांबरोबर तेलुगू मालिकांच्या गप्पा. एक दिवस सरांनी सगळ्या आयांना म्हटलं, बसून काय करता, आत या. आम्ही तिघी गेलो, त्यातली मीच टिकले. मुलाने केव्हाच सोडलं, आता तो क्रिकेटला जातो. तेव्हा सुईदोरा, "मुलगा कितवीत" विचारणाऱ्यांवर रागावू नका, त्यांच्याकडे खरोखर मोठं कुणी येतच नाही.

माझ्या अनुभवातून काय काय विचारायचं ते सांगते. मोठ्यांची वेगळी तुकडी आहे का? नसेल तर आठवीतल्या पोरांशी जोडी लागते, ती एकतर घाबरतात नाहीतर मुद्दाम जोरात मारतात. पट्ट्याच्या परीक्षेची फी किती, किती महिन्यांनी, त्यात ड्रेस, शिबिर, प्रमाणपत्र असं काय काय जोडलेलं आहे? महिन्याची फी ऐकून खूश झाले होते, परीक्षेच्या वेळी डोळे पांढरे झाले. वर्षात ब्लॅक बेल्ट देतो म्हणणाऱ्याकडून तर थेट घरी या.

गुडघ्याचं हाडवैद्य म्हणतात ते बरोबर आहे. तायक्वांदो लाथांचाच खेळ, स्पर्धेत डोक्यावर लाथ चालते पण ठोसा चालत नाही. त्यामुळे आमच्यातली भलीभली मुलं हात खाली सोडून लढतात. रस्त्यावर ही सवय वाईटच.

विजापूर_वेस
आश्चर्य आहे. एवढी चर्चा झाली, जपान झालं, कोरिया झालं, पण मर्दानी खेळाचं नाव कुणी घेतलं नाही. लाठी, फरी-गदगा (ढाल आणि काठी), भाला, विटा (दोरी बांधलेला भाला), दांडपट्टा. २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा मिळाला आणि आपण अजून क्राव मगा शोधतोय. कोल्हापूरच्या आखाड्यांत आज मुली सर्रास पट्टा फिरवतात. लाठीने खांदा, मनगट, पायांची चाल, सगळं तयार होतं. खर्च म्हणजे एक वेताची काठी.

जपानी_चहा
लाठीबद्दल आदर आहे. पण चौकात उभं राहून फिरवताना दिसतो तो हात आणि समोर माणूस असताना लागणारा हात यात फरक असतो. जिथे जोडीने, ढाल घेऊन फरी-गदगा खेळवतात तिथे जरूर जावं. नुसत्या मिरवणुकीपुरत्या कवायतीला मी व्यायामच म्हणेन.

विजापूर_वेस
मिरवणुकीमुळेच तर ही विद्या टिकली साहेब. बाकी तुमचं म्हणणं अर्धं मान्य.

मूळची_सोलापूरची
सध्या पुण्यात. मी ब्राझिलियन जिउ-जित्सू करते. १९९३ च्या पहिल्या यूएफसीत (वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांच्या स्पर्धेत) रॉयस ग्रेसी या सडपातळ माणसाने भल्याथोरल्यांना जमिनीवर नेऊन गळा आवळून हरवलं, तेव्हापासून जगाचं लक्ष याच्याकडे गेलं. बाईच्या दृष्टीने याचा फायदा एकच सांगते. पाठीवर पडलेली असताना, अंगावर वजन असताना श्वास कसा घ्यायचा आणि तिथून कसं सुटायचं, हे रोज करता येतं. पहिले काही आठवडे मला फक्त गुदमरल्यासारखं व्हायचं. नंतर तीच परिस्थिती ओळखीची वाटायला लागली, घाबरणं कमी झालं. जोडीदाराला दोनदा थापटलं की तो लगेच सोडतो, म्हणून अपघातही कमी.

तोटे: मॅटवरच्या दोन पुरुषांतला एक तरी "मी तुला शिकवतो" मोडमध्ये असतो. आणि तोंडात दुसऱ्याचे केस जातात.

शेंगाचटणी
पुण्यात राहून लोक शिकवायला लागतात याचं नवल वाटलेलं बघून नवल वाटलं.

कायदेपंडित_नाही
स्वसंरक्षणाचा विषय निघालाय म्हणून थोडं अवांतर. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खाजगी बचावाचा हक्क तिच्यात कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत तो ९६ ते १०६ मध्ये होता. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचा बचाव करता येतो. मात्र बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. सोप्या मराठीत, माणूस पळायला लागला की तुमचा हक्क संपत आला. मागे धावून ठेवून दिली तर तो बचाव राहत नाही, बदला होतो. बलात्कार, अपहरण, जीवघेणा हल्ला अशा वेळी हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो, तेही कायद्यात स्पष्ट आहे.

फोनमध्ये ११२ लक्षात ठेवा. तेवढं तर क्लासशिवाय येतं.

तिसरी_फेरी
हे कुठल्याच क्लासमध्ये सांगत नाहीत. तीन दिवसांच्या स्वसंरक्षण शिबिरात तर नाहीच नाही. तिथे बाहुल्याचे डोळे फोडायला शिकवतात, फोटो काढतात, बिस्किटं देतात, घरी पाठवतात.

पद्मा_के
असं सरसकट नको हो. आमच्या सोसायटीत असं शिबिर झालं, तिथे त्या बाईंनी आम्हाला नुसतं ओरडायला लावलं. "मागे हो!" असं, पोटातून. पन्नाशीच्या बायकांच्या तोंडून आवाजच निघेना. जन्मभर "हळू बोल" ऐकलेलं. शेवटच्या दिवशी खालच्या मजल्यावरचे वॉचमन धावत वर आले. डाव विसरले मी, तो आवाज नाही विसरले.

तिसरी_फेरी
हे मान्य. शब्द मागे घेते, बिस्किटांसकट.

सुईदोरा
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मधल्या काळात दोन ठिकाणी जाऊन बसले.

पहिलं किकबॉक्सिंग. जागा झकास, आरसे, एसी, गाणी जोरात. तासभर सगळे हवेत ठोसे मारत होते, कुणी कुणाला हात लावला नाही. घाम भरपूर. सरांना विचारलं, जोडीने कधी करतात? म्हणाले, "मॅडम, लेडीज बॅचला ते नसतं." तिथून उठले.

दुसरं ज्युदो. पत्र्याचं शेड, संध्याकाळी सातलाही पत्रा तापलेला, दोन मोठे पंखे. मॅट जुन्या, सांध्यांवर चिकटपट्टी मारलेली, पण माझ्या समोर एका मुलाने फिनेलच्या पाण्याने पुसून घेतल्या. सातवी-आठवीतली एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या दांडग्या पोराला सारखी पाडत होती आणि तो दर वेळी हसत उठत होता. सरांनी मला डाव-बिव काही दाखवला नाही. उकिडवं बसवलं, हनुवटी छातीला टेकवायला सांगितली आणि मागे गडगडायला लावलं. पडताना दोन्ही हात बाजूला मॅटवर आपटायचे, मागे टेकवायचे नाहीत. मी दर वेळी हात मागेच टेकवत होते. सर म्हणाले, "सगळे टेकवतात. हे गेलं की निम्मं ज्युदो आलं." गुडघ्याचं सांगितलं तर त्यांनी दोन्ही पायांवर उकिडवं बसवून, उठवून बघितलं आणि काही महिने गुडघ्यावर बसून फेकायचे डाव करायचे नाहीत असं सांगून टाकलं.

मोठ्या बायका किती, तर एकही नाही. मी पहिली.

हाडवैद्य
हे सर मला आवडले. पडताना हात मागे टेकवल्यामुळे मोडलेली मनगटं मी दर पावसाळ्यात बघतो, आणि त्यातलं कुणीच मार्शल आर्ट करत नसतं. बाथरूम, शेवाळलेली गच्ची, स्कूटर.

जपानी_चहा
"काही महिने हा डाव नको" म्हणणारा शिक्षक मिळाला तर पाटीवर ज्युदो लिहिलंय का लेझीम, फरक पडत नाही. घ्या प्रवेश.

तांबडी_माती
ज्युदो म्हणजे कपडे घालून केलेली कुस्तीच. ताई, चालेल.

गड्ड्यावरचा_पाळणा
काकांनी परवानगी दिली! पेढे वाटा. बाकी ज्युदोचा तो जाडजूड अंगरखा बाहेरून कशाला मागवायचा? सोलापुरी चादरीचा शिवून घ्या. समोरच्याने कितीही ओढला तरी फाटणार नाही, आणि हिवाळ्यात पांघरायला.

शेंगाचटणी
पाठीवर मोर असलेली घ्या बे, पाडलं की मोर दिसला पाहिजे.

सुईदोरा
😄 अंगरख्याचं सर बघतो म्हणालेत, कुणाचा तरी जुना आहे. माझी अडचण वेगळीच निघाली. सरांनी सांगितलं, अंगावर धातू काही नको. बांगड्या आणि मंगळसूत्र मी काढते, त्याचं काही वाटत नाही. पायातली जोडवी लग्नापासून काढलेली नाहीत आणि आता निघतच नाहीत. वरून चिकटपट्टी लावून चालेल का? सासूबाई अजून काही बोलल्या नाहीत, पण बघतायत.

मूळची_सोलापूरची
पट्टी लावून नको. मॅटच्या सांध्यात जोडवं अडकलं तर बोट जागेवर राहतं आणि बाकीची तुम्ही पुढे जाता. साबणाच्या पाण्यात पाय बुडवून, बोटाला दोरा गुंडाळून काढतात तसं काढा. नाही निघालं तर सोनाराकडे, तो कापून देतो, नंतर जोडूनही देतो.

पद्मा_के
मी एक छोटी डबी पर्समध्ये ठेवते. क्लासच्या दारात सगळं डबीत, निघताना परत अंगावर. आमच्या सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. नंतर त्याच विचारायला लागल्या, डबी घेतलीस का म्हणून.

हाडवैद्य
तुमच्या सासूबाईंचं वय काय? साठीपुढे असतील तर सरांना विचारा, नुसतं पडायला शिकवतील का. मी माझ्या पेशंटना हेच शिकवतो, फक्त गादीवर.

सुईदोरा
६७. विचारते, पण आधी जोडव्यांचं बघू दे. सोनार आज बंद आहे.

गड्ड्यावरचा_पाळणा
सासू-सून एकाच मॅटवर. तिकीट कितीला आणि रांग कुठून?